दाद न देणाऱ्या पेशी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील औषधरोधाचा आढावा

केमोथेरपीच्या चार-सहा फेऱ्या झाल्या की सीटी स्कॅन होतो. यकृतातल्या गाठी निम्म्याने आटलेल्या दिसतात, ‘औषधाला चांगली दाद आहे’ असे डॉक्टर सांगतात आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. काही महिन्यांनी तेच औषध, तोच डोस, तीच सलाईनची बाटली असते, पण गाठी पुन्हा वाढलेल्या असतात. या दोन स्कॅनच्या मधल्या काळात पेशीत नेमके काय घडते, याचा शोध गेली सत्तरेक वर्षे चालू आहे. त्या शोधाचा आजचा मुक्काम कुठे आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे २०२२ साली जगभरात सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. आजार आतड्यापुरता असेल तर शस्त्रक्रियेने अनेक जण पूर्ण बरे होतात. तो यकृतात, फुप्फुसात पसरला की मदार औषधांवर येते. औषधे आहेत आणि सुरुवातीला ती चालतातही. ती चालेनाशी होणे, ही खरी अडचण आहे.

अभ्यासक औषधरोधाचे दोन प्रकार मानत आले आहेत. पहिल्या दिवसापासूनच गाठ औषधाला जुमानत नसेल तर तो उपजत रोध. आधी दाद देऊन मग पाठ फिरवली तर तो कमावलेला रोध. ही विभागणी सोयीची आहे आणि दवाखान्यात ती रोज वापरली जाते. पण ‘कमावलेला’ म्हणताना आपण एक गोष्ट न तपासता गृहीत धरतो : तो रोध औषध सुरू झाल्यानंतरच जन्मला. या क्षेत्रातला आजचा सर्वांत जिवंत वाद नेमका इथे आहे. त्याकडे येण्याआधी जुनी वाट चालून येऊ.

तीन औषधे, तीन पळवाटा

उंदरांच्या यकृतातल्या गाठी निरोगी पेशींपेक्षा जास्त युरासिल वापरतात, असे १९५०च्या दशकात दिसले होते. त्यावरून अमेरिकेत विस्कॉन्सिन इथे चार्ल्स हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली युरासिलला फ्लोरिनचा एक अणू जोडला. तेच ५-एफयू. आजही या कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक केमोचा तो पाया आहे. पेशीत शिरल्यावर त्याचे एक रूप थायमिडिलेट सिंथेज या एन्झाइमला घट्ट बिलगते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाचा पुरवठा त्यामुळे बंद पडतो. सोबत दिले जाणारे ल्युकोव्होरिन ही मिठी आणखी आवळते.

पेशीची पहिली पळवाट साधी आहे : एन्झाइमच जास्त बनवायचे. त्यासाठी दर वेळी जनुक बदलावे लागत नाही, हे मला या कथेतले सर्वांत विलक्षण अंग वाटते. थायमिडिलेट सिंथेज स्वतःच्याच आरएनएला चिकटून स्वतःचे उत्पादन आवरत असते. औषधाने एन्झाइमला पकडले की तो आवर सुटतो आणि उत्पादन वाढते. म्हणजे औषधाच्या माऱ्यातच त्याचा प्रतिकार सुरू होतो. दुसरी पळवाट डीपीडी या एन्झाइमची. दिलेल्या ५-एफयूपैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग शरीर, मुख्यतः यकृत, याच एन्झाइमच्या हातून मोडून टाकते. गाठीतही ते भरपूर असेल तर पेशीच्या वाट्याला औषध उरते कमी.

दुसरे औषध इरिनोटेकान. त्याचे मूळ कॅम्प्टोथेसिन या वनस्पतिजन्य रसायनात आहे. ते एका चिनी झाडातून १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत वेगळे केले. वाणी जन्माने नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. हेच रसायन पुढे सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही सापडले आणि त्यापायी घाटातल्या नरक्याची बेसुमार तोड झाली. डीएनएची वीण सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम त्याचा एक धागा क्षणभर कापते आणि पुन्हा सांधते. इरिनोटेकान त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते आणि डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या जागी येऊन आदळली की धागे तुटतात. यातून सुटायला पेशी हे एन्झाइमच कमी करते, किंवा औषधाच्या क्रियाशील रूपाला शर्करा-आम्ल जोडून निकामी करते, किंवा पेशीपटलातल्या पंपांनी ते बाहेर फेकते.

तिसरे ऑक्सॅलिप्लॅटिन, नागोयात योशिनोरी किदानी यांनी १९७६ साली घडवलेले. ते डीएनएला प्लॅटिनमची गाठ मारते. ती गाठ कापून काढणारी दुरुस्तीयंत्रणा तरबेज असली, किंवा पेशीतल्या ग्लुटाथायोन या रेणूने प्लॅटिनमला वाटेतच गाठले, की औषध बोथट होते.

त्याच १९७६ साली कॅनडात रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना चिनी हॅमस्टरच्या पेशींमध्ये पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप सापडला होता. एकच पंप अनेक औषधे उपसून टाकतो, तेव्हा तो बंद केला की प्रश्न सुटेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. पंप रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या मात्र एकामागून एक अपयशी ठरल्या. आतड्याच्या कर्करोगात तर आणखी एक अडचण होती : ५-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही या पंपाची आवडती गिऱ्हाइके नाहीतच.

या जुन्या कालखंडाचा हिशोब मांडताना एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. गाठीतले थायमिडिलेट सिंथेज किंवा दुरुस्तीची प्रथिने मोजून केमो निवडण्याची पद्धत रूढ होऊ शकली नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. डीपीडी आणि इरिनोटेकान निकामी करणारे युजीटी१ए१ यांच्या जनुकचाचण्या होतात, पण त्या विषबाधेचा धोका ओळखण्यासाठी. गाठ दाद देईल की नाही, हे त्या सांगत नाहीत. केमोच्या रोधाचे रेणुशास्त्र आपल्याला बरेच समजले, पण त्यातले फार थोडे रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले.

रासची खूण

ठरावीक रेणूवर नेम धरणाऱ्या लक्ष्यवेधी औषधांच्या बाबतीत चित्र बदलले. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा ग्राहक असतो. वाढीचा निरोप तो आत नेतो. पुढे रास, मग राफ, मग मेक, मग अर्क अशी हातोहात साखळी चालते. सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड ईजीएफआरला झाकते. अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली तेव्हा ते रास न तपासताच दिले जात होते. दोन-चार वर्षांतच दिसले की ज्यांच्या गाठीत के-रास जनुक बिघडलेले आहे, त्यांना त्याचा उपयोग होत नाही. कारण उघड आहे. दारावरची घंटा काढून टाकली, पण घरातला माणूस आपणहून ओरडत सुटला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत के-रास शाबूत असलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान सेटुक्सिमॅबमुळे ४.८ वरून ९.५ महिन्यांवर गेले; बिघाड असलेल्यांत काहीच फरक पडला नाही. पसरलेल्या आजारात सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये हा बिघाड असतो. नंतर एन-रास आणि के-रासच्या इतर जागाही तपासणीत आल्या.

उपजत रोधाचे इतके स्वच्छ उदाहरण या आजारात दुसरे नाही. तरी सगळे उत्तर त्यात मिळत नाही. रास आणि बी-राफ दोन्ही शाबूत असूनही उजव्या बाजूच्या आतड्यातल्या गाठी सेटुक्सिमॅबला डाव्या बाजूइतकी दाद देत नाहीत. याचे पूर्ण स्पष्टीकरण अजून नाही.

एक वाट अडवली की दुसरी

बी-राफ जनुकाच्या व्ही६००ई या बिघाडाने पुढचा धडा दिला. त्वचेच्या मेलॅनोमामध्ये याच बिघाडावर व्हेमुराफेनिब हे औषध जवळजवळ निम्म्या रुग्णांत गाठी आटवते. आतड्याच्या कर्करोगात ते दिले तेव्हा २१ रुग्णांपैकी एकातच गाठ लक्षणीय आटली. बिघाड एक, औषध एक, आणि परिणामात इतकी तफावत!

२०१२ साली ॲमस्टरडॅममध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेतून अनिरुद्ध प्रल्हाद आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. साखळीतला खालचा दुवा काम करत असतो तेव्हा तो वरच्या ईजीएफआरला लगामही घालत असतो. बी-राफ रोखले की हा लगाम सुटतो, ईजीएफआर उसळतो आणि निरोप दुसऱ्या वाटेने आत जातो. मेलॅनोमाच्या पेशींवर ईजीएफआर फारसा नसतोच, म्हणून तिथे एकटे औषध पुरते. या समजुतीवर बेतलेल्या चाचणीत बी-राफरोधक एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब एकत्र दिले गेले. मध्यक आयुर्मान ५.४ वरून ८.४ महिन्यांवर गेले आणि २०२० साली ही जोडी मान्य झाली. के-रासच्या जी१२सी बिघाडावरची नवी औषधे हाच धडा पुन्हा गिरवतात. एकटे सोटोरासिब फुप्फुसाच्या कर्करोगात सुमारे ३७ टक्के रुग्णांत गाठ आटवते, आतड्याच्या कर्करोगात जेमतेम १० टक्क्यांत; ईजीएफआरविरोधी प्रतिपिंड जोडले की हा आकडा २५ टक्क्यांच्या पुढे जातो.

या रोधात जनुक बदलत नाही. काही तासांत जुळणारी ती पेशीची फेरमांडणी आहे. तिला उपजत म्हणावे की कमावलेली? क्षमता उपजत आहे, पण रोध प्रत्यक्ष दिसतो तो औषध दिल्यावर. जुनी विभागणी इथेच अपुरी पडू लागते.

आधीच दडलेला की नव्याने घडलेला?

१९४३ साली साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी जिवाणूंवर एक प्रयोग केला होता. विषाणूला न जुमानणारे जिवाणू विषाणू भेटल्यावर तयार होतात की त्याआधीच असतात, हा त्यांचा प्रश्न होता. वेगवेगळ्या भांड्यांत वाढवलेल्या जिवाणूंमध्ये रोधकांची संख्या फार विषम निघाली; ते विषाणूमुळे घडले असते तर ती साधारण सारखी असती, म्हणजे ते विषाणूच्या आधीच, योगायोगाने जन्मले होते. कर्करोगातला वाद हा त्याच प्रश्नाचा पुढचा अध्याय आहे.

पहिला पक्ष निवडीचा. जून २०१२ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. एक तुरिनमधल्या आल्बेर्तो बार्देल्ली यांच्या गटाचा, दुसरा जॉन्स हॉपकिन्समधल्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या वर्तुळातला. दुसऱ्या अभ्यासात के-रास शाबूत असलेल्या २४ रुग्णांना ईजीएफआरविरोधी औषध देताना त्यांचे रक्त वारंवार तपासले. साधारण पाच-सहा महिन्यांनी ९ जणांच्या रक्तातल्या डीएनएत के-रासचे बिघाड दिसू लागले. कोणत्या गतीने ते वाढले याचे गणित मांडल्यावर निष्कर्ष निघाला की त्या पेशी उपचाराआधीच गाठीत होत्या, फक्त मोजणीत सापडणार नाहीत इतक्या कमी. ढोबळ हिशोबही हेच सुचवतो. एक घन सेंटिमीटर गाठीत सुमारे एक अब्ज पेशी धरल्या, तर कुठल्याही एका अक्षराचा बदल त्यांच्यातल्या कुणात तरी असणारच. औषधाने इतरांना मारून त्यांना रान मोकळे करून दिले, एवढेच.

दुसरा पक्ष घडणीचा. तोही बार्देल्लींच्याच प्रयोगशाळेतून पुढे आला, आणि मला तो या क्षेत्राच्या प्रामाणिकपणाचा पुरावा वाटतो. २०१९ साली मारियांजेला रुस्सो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ईजीएफआर किंवा बी-राफ रोखल्यावर तग धरून राहिलेल्या पेशी डीएनए दुरुस्तीची यंत्रणा मंदावतात आणि चुका करणारी पॉलिमरेज एन्झाइमे पुढे करतात. जिवाणू संकटात हेच करतात. लुरिया-डेलब्रुकचा प्रयोग कर्कपेशींसाठी बेतून याच गटाने २०२२ साली मोजले, तेव्हा तग धरलेल्या पेशींतला उत्परिवर्तनाचा वेग ७ ते ५० पट वाढलेला आढळला. औषध नुसती निवड करत नाही, ते नवे बदल जन्माला घालण्याची घाई लावते, असा याचा अर्थ.

तिसरी बाजू या दोहोंना थोडी छेद देऊन जाते. टोरांटोतल्या गटाने २०२१ साली मानवी गाठी उंदरांत वाढवल्या, प्रत्येक पेशीला डीएनएची वेगळी खूण दिली आणि मग केमो दिली. उरलेल्या पेशी एखाद्या निवडक वंशाच्या असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जवळजवळ सगळे वंश टिकून होते. म्हणजे तगून राहण्याची क्षमता ठरावीक पेशींची मिरास नव्हती, ती कुठल्याही पेशीत होती. त्यांची जनुकीय हालचाल सस्तन प्राण्यांच्या भ्रूणाच्या विरामावस्थेशी जुळत होती. बेडूक उन्हाळाभर मातीत निपचित पडून राहतो आणि पहिल्या पावसाला बाहेर येतो, तशी ही अवस्था. औषध थांबले की पेशी पुन्हा वाढू लागतात, आणि वाढलेल्या गाठी त्याच औषधाला पुन्हा दादही देतात. इथे बदललेले जनुक शोधून सापडणार नाही.

माझ्या मते हे तीन पक्ष परस्परांना खोटे ठरवत नाहीत. ते वेगवेगळी औषधे आणि वेगवेगळा कालावधी पाहत आहेत. निवडीचा पुरावा लक्ष्यवेधी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातून आला; विरामाचा, केमो दिलेल्या उंदरांतल्या गाठींमधून. आधी विराम, विरामात चुकांची वाढ, त्यातून पक्का रोध, अशी मालिका मांडता येते आणि ती पटण्यासारखी आहे. पण एका रुग्णात या टप्प्यांचा वाटा किती, हे कुणी मोजलेले नाही. ते मोजणे महत्त्वाचे आहे, कारण उपचार त्यावर ठरणार आहेत. रोधक पेशी आधीच असतील तर सुरुवातीलाच औषधांची जोडगोळी हवी. त्या नंतर घडत असतील तर घडणीची वाट अडवणारे औषध हवे. आणि विराम हेच मूळ असेल तर झोपलेल्या पेशी ज्यावर जगतात त्या ऑटोफॅजीवर, म्हणजे स्वतःचेच घटक मोडून वापरण्यावर, नेम धरायला हवा.

पेशीच्या शेजारी

आतापर्यंत पेशीला एकटे धरले, पण ती एकटी नसते. २०१५ साली या कर्करोगाचे जनुकीय हालचालींवरून चार उपप्रकार ठरले. त्यातला चौथा, सुमारे २३ टक्के रुग्णांत दिसणारा, संयोजी ऊतींनी वेढलेला असतो आणि त्याचे भवितव्य वाईट. तो रोध कर्कपेशीचा किती आणि भोवतालच्या संयोजी पेशींचा, म्हणजे फायब्रोब्लास्टचा, किती, हे वेगळे करणे अवघड गेले आहे. मोजक्या मूळपेशीच गाठ पुन्हा उगवतात, या मूळपेशींच्या सिद्धान्तालाही मुरड घालावी लागली. एलजीआर५ खुणेच्या मूळपेशी उंदरांत नष्ट केल्या, तरी इतर पेशींतून त्या पुन्हा तयार झाल्या. मूळपेशी असणे ही कायमची जात नसून तात्पुरती भूमिका असावी, असे त्यातून सूचित होते.

फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या तोंडातल्या जिवाणूची कथा अधिक चर्चेत आहे. तो ऑटोफॅजीला चालना देऊन केमोपासून पेशी वाचवतो, असे शांघायच्या अभ्यासकांनी २०१७ साली मांडले. २०२४ साली दिसले की गाठींमध्ये त्याची एक विशिष्ट शाखाच प्रामुख्याने राहते. जिवाणू मारून केमोचा असर वाढतो का, याचे रुग्णांमधले खात्रीचे उत्तर बाकी आहे.

प्रतिकारशक्तीला कर्कपेशींवर सोडणाऱ्या औषधांबद्दल थोडक्यात. डीएनएतील जोडचुका दुरुस्त न होणाऱ्या गाठी पसरलेल्या आजारात सुमारे ५ टक्के असतात, आणि त्यांच्यात पेम्ब्रोलिझुमॅब या अशा औषधाने आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ केमोच्या ८.२ महिन्यांवरून १६.५ महिन्यांवर नेला. तरीही तीसेक टक्के रुग्णांचा आजार सुरुवातीपासूनच वाढत राहतो. बी२एम जनुक गेले की गाठ टी-पेशींना दिसत नाही, हे पाठ्यपुस्तकी कारण. पण या आजारात बी२एम गमावलेल्या गाठीही औषधाला दाद देताना आढळल्या आहेत. गॅमा-डेल्टा प्रकारच्या टी-पेशी अशा गाठी मारत असाव्यात, असा पुरावा पुढे येतो आहे. उरलेल्या ९५ टक्क्यांत ही औषधे एकेकटी जवळजवळ निष्प्रभ का, हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा न सुटलेला प्रश्न म्हणता येईल.

प्रयोगशाळेतले आणि रुग्णातले

औषधरोधावरचे कितीतरी संशोधन एचटी-२९, एचसीटी-११६ अशा जुन्या पेशीवाणांवर झाले आहे. पेशींना औषधाची मात्रा महिनोन्‌महिने थोडी थोडी वाढवत न्यायची आणि टिकलेल्या पेशींत काय बदलले ते पाहायचे, ही रूढ पद्धत. तिचे उपकार मोठे आहेत. पण रुग्णाला औषध असे चढत्या मात्रेने मिळत नाही. ते दर दोन-तीन आठवड्यांनी एकदम मिळते आणि उतरते. शिवाय एचसीटी-११६मध्ये जोडचुका दुरुस्त करणारे जनुक मुळातच बिघडलेले आहे, त्यामुळे त्यात उत्परिवर्तने भराभर साचतात. अशा पेशीवाणात सापडलेला प्रत्येक सूक्ष्म-आरएनए (जनुकांचे काम आवरणारा छोटा आरएनए) रोधाचे कारण म्हणून जाहीर होतो, तेव्हा वाचकाने थबकावे.

रुग्णाच्या गाठीतल्या पेशींपासून वाढवलेल्या चिमुकल्या त्रिमितीय गाठींमुळे, म्हणजे ऑर्गनॉइडमुळे, हे अंतर कमी झाले. २०१८ सालच्या एका अभ्यासात ऑर्गनॉइडने ‘हे औषध लागू पडणार नाही’ असे सांगितले, ते प्रत्येक वेळी खरे निघाले. पण २०१९च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात इरिनोटेकानचे भाकीत जमले, ५-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिनच्या जोडीचे जमले नाही. ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या, फायब्रोब्लास्ट, प्रतिकारपेशी नसतात, हे त्याचे एक संभाव्य कारण.

रक्तात उतरलेल्या कर्कगाठीच्या डीएनएने मात्र उपचाराचा क्रम बदलण्यापर्यंत मजल मारली आहे. ईजीएफआरविरोधी औषध थांबवले की रक्तातले रासचे बिघाड काही महिन्यांत ओसरतात. औषध नसताना त्या पेशींना कसलाच फायदा उरत नाही, असे दिसते. इटलीतल्या क्रोनोस चाचणीत या औषधाला आधी रोध आलेल्या ५२ रुग्णांचे रक्त तपासून, बिघाड नसलेल्या २७ जणांना तेच औषध पुन्हा दिले आणि त्यांतल्या ८ जणांच्या गाठी आटल्या. संख्या लहान आहे. तरीही ‘एकदा रोध आला की ते औषध संपले’ हा समज त्यामुळे ढिला झाला. अशा चाचण्यांचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना झेपणारा नाही, हे इथे नोंदवायलाच हवे.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास निघाले आणि सिग्नेट रिंग प्रकारच्या (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या) गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त होते. वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्या युरोप-अमेरिकेतल्या, साठीच्या घरातल्या रुग्णांवर झाल्या. सिग्नेट रिंग गाठींमधला रोध त्याच वाटांनी येतो असे धरून चालणे घाईचे होईल.

आणि एक पोकळी सगळीकडे सारखीच आहे. गाठीचा तुकडा निदानाच्या वेळी घेतला जातो, कधीकधी आजार परतल्यावरही. तग धरणाऱ्या, विराम घेतलेल्या पेशी या दोन वेळांच्या मधल्या काळात असतात : गाठ आटलेली, रुग्ण कामावर परतलेला, स्कॅन समाधानकारक. त्या दिवसांत बायोप्सीसाठी सुई टोचायचे वैद्यकीय कारण नसते आणि कुणी ती मागतही नाही. वादातल्या तिन्ही पक्षांना हवा असलेला नमुना नेमका त्या दिवसांतला आहे.